प्लांटच्या पाण्याचा थेंब पिणार नाही

२ जुलै, बुधवार

जमाखर्चाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. वाया का घालवायची? आजपासून पुढून हिशेब आणि मागून माझं मन. हे कोणी वाचायचं नाही.

लिहायला कारण घडलंच तसं. टाउनशिपच्या मीटिंगमध्ये पाण्याचा जुना प्लांट काढून नवा, मोठा, अपग्रेड केलेला बसवायचं पक्कं झालं. आमची टाउनशिप म्हणजे व्हाइटफील्डमधलं छोटं शहरच. शाळा आहे, देऊळ आहे, दवाखाना आहे, भांडणं आहेत. पाणी मात्र बोअरचं आणि टँकरचं. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर चढतो, बादलीच्या तळाशी माती बसते. म्हणून सगळ्यांना नवा प्लांट पाहिजे. मला नको. मी हात वर करून विरोध केला. सेक्रेटरींनी तो हात बाजूने मोजला. ते त्यांचं पाप.

घरी आल्यावर सूनबाईने खरं पोटातलं काढलं. शाल्मली म्हणाली, आई, प्लांट झाला की यूटिलिटीतले हंडे काढू या, तिथे डिशवॉशर मस्त बसेल. यूटिलिटी म्हणजे स्वयंपाकघरामागची भांडी घासायची बाल्कनी. तिथल्या कोपऱ्यात माझे तीन तांब्याचे हंडे आहेत. या घरात पिण्याचं पाणी तिथून निघतं. लग्न होऊन निपाणीहून बेंगळुरूला आले तेव्हापासून, बसवनगुडीत तीस वर्षं आणि इथे चार, घरातल्या माणसाने तहान लागली की माझ्याकडे बघायचं, हा नियम आहे.

म्हटलं, कोपरा मिळणार नाही. शांतपणे म्हटलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या सरोजम्मांनी काय झालं म्हणून फोन केला, पण मी शांतच होते.

३ जुलै

रागाच्या भरात पद्धत लिहायची राहिली. लिहून ठेवते, पुढे कोणाला उपयोग होईल.

पहाटे नळाचं पाणी चौपदरी धोतरातून पहिल्या हंड्यात. निवळीची बी सहाणेवर उगाळून त्यात. मग तुरटीचा खडा हातात धरून उजवीकडे फिरवायचा. झाकून ठेवायचं. माती खाली बसते. वरचं पाणी दुसऱ्या हंड्यात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यात, तुळशीसकट. ते प्यायचं.

शार्दूलने, म्हणजे मुलाने, घरात ते भिंतीवरचं फिल्टर बसवलं होतं. एक तांब्या पाणी द्यायला तीन तांबे मोरीत सोडायचं. मी त्याचं बटण बंद केलं, त्याला आता दोन वर्षं झाली. वर ओवाळणीचं तबक ठेवते.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

उपास. देवापुढे संकल्प सोडला. नव्या प्लांटच्या पाण्याचा थेंब पिणार नाही. तोंडात नाही, स्वयंपाकात नाही, देवालाही नाही. संकल्प सोडायचं पाणी अर्थातच हंड्यातलं घेतलं.

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, बरं. चौतीस वर्षांत ह्यांनी मला कधी अडवलं नाही. म्हणजे पाठिंबाच.

९ जुलै, बुधवार

शत्रूची जागा पाहून आले. देवळामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मोठमोठ्या निळ्या टाक्या उभ्या केल्यात. काम बघणारी इंजिनिअर मुलगी आहे, उल्का. नागपूरची, मराठी! कोरमंगल्याला पीजीत राहते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात डबा, डब्यात मॅगी. जीव कळवळला. उद्या पोळीभाजी पाठवणार. शत्रू असली तरी पोटाला काय माहीत.

तिने सगळं नीट दाखवलं. आधी एक औषध घालून माती गोळा करून खाली बसवायची. मग वाळूतून पाणी गाळायचं. मग कोळशातून. मग पाण्याचा जडपणा काढायचा, मग एक बारीक जाळी, शेवटी क्लोरीन. मी विचारलं, ते पहिलं औषध कोणतं गं? म्हणाली, तुरटीच समजा काकू, तिच्याच जातीचं.

मी म्हटलं, मग हे तर मी घरी करते.

ती म्हणाली, हो काकू, तत्त्व अगदी तेच, फक्त साइज मोठी.

स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. लिहून ठेवते, तारीख वर आहेच. निघताना मला म्हणाली, काकू तुम्ही येत जा, इथे मराठी बोलायला कोणी नाही. म्हटलं, येईन. पण माझा विरोध आहे हे लक्षात ठेव. म्हणाली, ठेवते.

११ जुलै

गुडघा. काही लिहिण्यासारखं नाही. उल्काला मेथीची भाजी पाठवली, डबा रिकामा आला नाही, त्यात संत्रं होतं. संस्कार आहेत.

१३ जुलै, रविवार

जेवताना पुन्हा डिशवॉशर. शाल्मलीने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. लोखंडी कपाट. म्हटलं, आपल्याकडे भांडी घासायला हात आहेत. ती म्हणाली, हो आई, तुमचे, आणि तुमचा गुडघा उभं राहू देत नाही. मी म्हटलं, मी कधी तक्रार केली? शार्दूल म्हणाला, आई, रोज. म्हटलं, ती तक्रार नव्हे, ती माहिती.

शेवटी शार्दूलने तोड काढली. गणपतीच्या आधी पाणी लॅबमध्ये तपासायचं. एक बाटली माझ्या हंड्यातली, एक नव्या प्लांटची. माझं चांगलं निघालं तर हंडे जिथे आहेत तिथेच, आणि या घरात डिशवॉशर हा शब्द कोणी काढायचा नाही. प्लांटचं चांगलं निघालं तर कोपरा शाल्मलीचा.

मी ताबडतोब हो म्हटलं. शाल्मलीने विचारलं, आई, नक्की ना? मी म्हटलं, गजाननाची शपथ. हरेल त्याने तोंड पाडायचं नाही, हेही ठरलं. ते मी मुद्दाम घातलं, तिच्यासाठी. पोर आहे, मनाला लावून घेईल.

हे साक्षीदार. ह्यांनी ताक मागितलं.

१९ जुलै, शनिवार

प्रचार सुरू. औषधांच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या, त्यात हंड्यातलं पाणी भरून आमच्या मजल्यावर वाटलं. म्हटलं, आधी चव बघा, मग प्लांटचे गोडवे गा. सगळ्यांनी आदराने घेतलं. समोरच्या दिल्लीवाल्या मुलाने विचारलं, आंटी, ये किस चीज की दवाई है? म्हटलं, सब चीज की.

सरोजम्मांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, अक्का, स्वल्प मातीचा वास येतो, पण छान. तोच तर मूळ वास. प्लांटच्या पाण्याला वासच नसणार. ज्याला वास नाही त्याला गुण काय असणार?

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण सुरू

नवी सुधारणा. श्रावणापासून तुरटी फिरवताना सात नद्यांची नावं घ्यायची. आज पहिल्यांदा घेतली आणि काय सांगू! हंड्याच्या तळाशी मातीचा कणही नाही. तळाचा ठोका दिसतो. मी दोनदा चष्मा पुसला.

काल दुपारभर नळ बंद होता, कसली तरी जोडणी. टाउनशिपच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सूचना असेल, पण तो ग्रुप मी दिवाळीपासून बंद करून ठेवलाय, सकाळी उठून कोणाकोणाची फुलं बघायची. प्लांटचं उद्घाटन गणेश चतुर्थीला आहे, फीत कापून. तोवर निश्चिंत. शार्दूल संध्याकाळी ट्रायल ट्रायल असं काही सांगत होता. मी जपात होते. मान हलवली.

देवाने श्रावणाच्या पहिल्याच दिवशी कौल दिला. लॅब काय निराळं सांगणार?

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

दिंडांसाठी पुरण घातलं. हरभऱ्याची डाळ लोण्यासारखी शिजली. इथे आल्यापासून शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्यायचे तरी दाणा दाताखाली यायचा. गॅस वाचला. चहालाही रंग आला. हे सगळं नद्यांच्या नावांचं.

एक आश्चर्य नोंदवते. अंघोळीच्या साबणाला फेस येतोय, आणि केस मऊ. न्हाणीतलं पाणी तर हंड्यातलं नसतं. पुष्कळ विचार केला. एका घरात चांगलं माणूस असलं की बाकीच्यांना वळण लागतं. पाण्यालाही संगत असतेच की.

शाल्मलीला हे सांगितलं. ती ओढणी तोंडाला लावून आत गेली. पटलं असावं, कबूल करायची लाज वाटली असेल.

२ ऑगस्ट, शनिवार

हे हल्ली दुपारी बेसिनशी जाऊन दात घासतात. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, चारच्या सुमारास आणखी एकदा. बराच वेळ नळ चालू असतो. साठी उलटल्यावर स्वच्छता सुचली. चला, माझं ऐकलं म्हणायचं. पेस्ट मात्र आहे तितकीच आहे. काटकसरही सुचली.

८ ऑगस्ट, शुक्रवार. वरमहालक्ष्मी

सरोजम्मांकडे हळदीकुंकवाला मजल्यावरच्या सगळ्या बायका. मी माझं पाणी घेऊन गेले, सर्वांना फुलपात्रात वाढलं. सगळ्या म्हणाल्या छान, स्वच्छ. मग सरोजम्मा म्हणाल्या, अक्का, नम्म मनेलू हागे, आमच्या घरीपण असंच येतंय आता, गोड. दुसऱ्या एकीने मान डोलावली. तिसरी म्हणाली, आमचीपण डाळ शिजायला लागली.

क्षणभर मी चपापले. मग उलगडा झाला. या सगळ्यांना मी बाटल्या वाटल्या होत्या! त्यांनी त्या बाटल्या आपल्या माठात ओतल्या असणार. विरजण लावतात तसं. एका कवडीने भांडंभर दही होतं, इथे तर पाव बाटली होती.

त्यांना म्हटलं, आभार मानायची गरज नाही. कोणी मानलेही नव्हते, पण चेहऱ्यावर दिसतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

उपास, चंद्रोदय होईपर्यंत.

तुरटी वाढवली आहे. आता माती नाही, मग तुरटी कशाला, असं कोणी विचारेल. पण दुखणं गेलं म्हणून औषध सोडलं की ते उलटतं, तसंच हे. एका खड्याचे दोन केले. पाणी प्यायलं की जीभ आखडते, गाल आत ओढले जातात. आवळा खाल्ल्यासारखं. इतकं शुद्ध की तोंडाला पेलवत नाही.

शार्दूलने एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की लहानपणी एरंडेल देताना करायचा. म्हणाला, आई, हे काय झालंय? म्हटलं, हे खरं पाणी आहे. तुम्हाला सवय नाही. तो ऑफिसची बाटली घेऊन गेला. ती कुठे भरली, बघितलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज नमुना घेतला. उल्काला जेवायला बोलावलं होतं, उपास संध्याकाळी सोडायचा म्हणून बेत साधा, वरण-भात, भेंडी, साटोऱ्या. पोरगी तीन वेळा वरण-भात जेवली. शाल्मली आणि ती एकमेकींशी फटाफट इंग्लिशमध्ये बोलत होत्या, मग हसायच्या. मी साटोऱ्या वाढत राहिले. न्यायाधीशाला खाऊ घालणं बरं नव्हे हे कळतं, पण ती न्यायाधीश नाही, बाटली नेणारी.

आजच्या दिवसासाठी काल रात्रीच तिसऱ्या हंड्यात एक जास्तीचा खडा टाकून ठेवला होता. मुलगी बघायला येतात तेव्हा जरा पावडर लावतोच ना.

उल्का बाटली भरताना थबकली. प्लांटची बाटली ती शेडमधून भरूनच आली होती, नमुन्यापुरता चालवला असेल. म्हणाली, काकू, पण हे पाणी तर नळाचंच ना? म्हटलं, नळाचंच, नाहीतर काय आभाळातून आणू? ती म्हणाली, नाही, म्हणजे काकू, नळाला आता… म्हटलं, बाई, तू बाटली भर, नळाला काय येत होतं ते मला चार वर्षं माहीत आहे. मग तिने विचारलं, तांब्यात तुरटी किती वेळ असते? अभिमानाने सांगितलं, रात्रभर. तिने शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीने भेंडीकडे पाहिलं.

घाबरल्या दोघी.

मी नद्यांची नावं घेऊन बूच लावलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

श्रावण संपला. रिपोर्ट हरतालिकेच्या दिवशी येणार. तयारी करते आहे.

एक. जिंकल्यावर शाल्मलीला टोमणा मारायचा नाही. फार तर एक.

दोन. चौथा हंडा घ्यायचा. चिकपेटेतला भांडीवाला ओळखीचा आहे, जुनी मोड घेतो.

तीन. प्लांटचं उद्घाटन करायचंच असेल तर सेक्रेटरींनी मला सल्लागार म्हणून बोलवावं. मान देतात का बघू. पगार नको.

चार. उल्काची नोकरी जायला नको. ती कामाची मुलगी आहे. तिला निवळी उगाळायला शिकवायचं, मोठ्या साइजमध्ये.

ह्यांना सगळं वाचून न दाखवता सांगितलं. हे म्हणाले, अगं, एक सांगायचं होतं. म्हटलं, रिपोर्टनंतर सांगा, आता शुभ बोला. ह्यांनी पेपर उघडला. चेहरा मात्र पडलेला. ह्यांना माझ्या विजयाचं दडपण येतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका

निर्जळी उपास. बरंच झालं, आज पाण्याचा घोट घशाखाली गेला नसता.

रिपोर्ट आला. शार्दूलने जेवणाच्या टेबलावर वाचला. मी सरोजम्मांनाही बोलावलं होतं, साक्षीला. नको होतं बोलवायला.

प्लांटचं पाणी सगळ्या रकान्यांत पास. माझं पाणी दिसायला स्वच्छ, जंतू नाहीत. हे ऐकून मी हात जोडले. पण शार्दूल पुढे वाचतच होता. माझं पाणी आंबट. त्यात तुरटीचा अंश हवा त्याहून पुष्कळ जास्त. तांबंही जास्त. शेरा, पिण्यास योग्य नाही.

मी म्हटलं, लॅब कोणाची? शार्दूल म्हणाला, आई, तुझ्या पसंतीची, देवळाजवळची. म्हटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. म्हणाला, तुझ्या बाटलीत तुळशीचं पान होतं.

मग शाल्मलीने उल्काला फोन लावून दिला. उल्का हळू आवाजात बोलली, जसं आजाऱ्याच्या घरी बोलतात. म्हणाली, काकू, रागावू नका. चतुर्थीला नुसती फीत कापायची आहे. प्लांट श्रावणाच्या आदल्या दिवशीच सुरू झाला, ट्रायल म्हणून. तेव्हापासून टाउनशिपच्या सगळ्या नळांना तेच पाणी आहे. तुमच्या हंड्यातही. आधी तुरटीला धरायला माती होती. आता मातीच नाही, मग तुरटी पाण्यातच राहते आणि आंबट पाणी तांब्याला खातं. पाणी दोन्हीकडचं एकच होतं काकू, तुमच्याकडे येईपर्यंत चांगलं होतं.

येईपर्यंत.

मग हिशेब लागला. डाळ. चहा. साबण. केस. सरोजम्मांची डाळ. महिनाभर मी प्लांटचंच पाणी पीत होते, स्वयंपाकाला तेच, देवाला तेच. आषाढीचा संकल्प श्रावणाच्या पहिल्याच दिवशी मोडला होता, आणि मी त्या दिवशी आनंदाने चष्मा पुसत होते.

मी म्हटलं, पाणी एकच असेल तर बरोबरी झाली. म्हटलं, शिवाय ज्याला प्लांटचं पाणी आहे हे ठाऊकच नाही त्याचा संकल्प मोडत नाही, शास्त्रात आहे. शार्दूल म्हणाला, कुठल्या? म्हटलं, तुम्ही वाचलेलं नाही अशा.

तेव्हा हे बोलले. म्हणाले, मी दात घासत नव्हतो. बेसिनला जाऊन पाणी पीत होतो. तुझं पाणी घशाखाली उतरेना, तुला सांगवेना.

चौतीस वर्षं ह्यांना तहान लागली की माझ्याकडे बघायचे. आता बेसिनकडे बघतात आणि खोटं बोलतात, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. लॅबने मारलं नाही इतकं ह्या एका वाक्याने मारलं. पण डोळ्यांत पाणी आणलं नाही. निर्जळी होती.

सरोजम्मा माझा हात धरून म्हणाल्या, होगली बिडी अक्का, जाऊ दे, आमच्या घरात तर माझ्या हातचं कोणी बाटलीभरपण पीत नाही. मोठ्या मनाची बाई. पण त्यांनी ती बाटली माठात ओतलीच नव्हती, झाडाला घातली होती, हेही आजच कळलं. झाड बरं आहे म्हणाल्या.

शाल्मली एक शब्द लागट बोलली नाही. म्हणाली, आई, घाई नाही, हंडे राहू देत हवे तितके दिवस. हे तर फारच झालं. हरल्यावर समोरच्याने टोमणा मारला तर भांडता तरी येतं. म्हटलं, गजाननाची शपथ घेतली आहे. कोपरा तुझा. आणि मी तोंड पाडलेलं नाही, बघ.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

गणपती बसले. अभिषेकाला नळाचं पाणी घेतलं. इलाजच नव्हता, हंडे काल रात्री कुंडीत ओतून चिंचेने घासून टाकले. देवाने काही म्हटलं नाही. म्हणजे माझ्यासारखंच त्यालाही महिनाभर कळलं नसावं.

खाली प्लांटची फीत कापली. उल्का बोलवायला वर आली होती, नवा ड्रेस घालून. गेले नाही. मोदक दिले तिच्या डब्यात, उकडीचे. गेले नाही म्हणजे विरोध कायम आहे. मोदक वेगळे.

उपास काल रात्री बारानंतर सुटला तेव्हा पहिला पेला कुठला प्यायले हे इथे लिहिणार नाही. चांगलं होतं.

३० ऑगस्ट, शनिवार

दीड दिवसाचे गणपती बादलीत विसर्जन करून झाले, आणि आज डिशवॉशर आला. मी संमती दिलेली नाही. दोन माणसं खोका घेऊन दारात उभी होती, त्यांना वाट द्यायला मी बाजूला झाले, इतकंच. हंडे गॅलरीत गेले. एकात शाल्मलीने जास्वंद लावायचं म्हटलं. म्हटलं, बघू.

बसवायला आलेला माणूस हुबळीकडचा. त्याने आधी नळाच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवून बघितली आणि एकदम खूश झाला. म्हणाला, व्हाइटफील्डमध्ये इतकं चांगलं पाणी कुठे बघितलं नाही, मशीन पंधरा वर्षं टिकेल. मग विचारलं, इथे पाण्याचं कोण बघतं?

शार्दूलने शाल्मलीकडे बघितलं. शाल्मलीने ह्यांच्याकडे. हे पेपरात.

मी म्हटलं, मी.

कोणी खोडून काढलं नाही. तो म्हणाला, सरी, मग तुम्हीच समजून घ्या अक्का. आणि कुठलं भांडं कुठे, मीठ कुठे, साबण किती, बटण कुठलं, सगळं मलाच दाखवलं. बाकीचे तोवर आपापल्या खोल्यांत पांगले होते. शाल्मली म्हणते, आई, मला नाही हो ते नीट कळलं. शार्दूलला तर त्याचं दार उघडता येत नाही.

म्हणजे कोपरा नावाला शाल्मलीचा. या घरात ते यंत्र मी सोडून कोणाला चालवता येत नाही. कधी लावायचं, कधी नाही, हे मी ठरवणार. तांब्यापितळेचं त्यात काही जाणार नाही. देवाची भांडी तर नाहीच नाही.

आणि आत ठेवायच्या आधी सगळी भांडी मी घासून घेतली. यंत्राच्या भरवशावर उष्टं कोण सोडणार?